सातव्या रकान्यातले तीन

तीर्थरूप काकांना,

पुतण्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठही अंगं एका वेळी जमिनीला टेकत नाहीत. सध्या पाचांवर भागवून घ्यावं, उरलेली तीन कंबर सुटली की रुजू करीन.) तुमची तब्येत कशी आहे? काकूंच्या गुडघ्याला उतार पडला का? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली म्हणून काकूंनी डॉक्टरच बदलला, आणि नव्या डॉक्टरचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आहे. काकूंपुढे कोणाचं चाललंय म्हणा. तुमचं कानातलं यंत्र बसवलंत का, की अजून डबीतच आहे? डबीत ठेवलेल्या यंत्राने ऐकू येत नाही असं माझं नम्र मत आहे, पण लहान तोंडी मोठा घास नको. गच्चीतल्या टोमॅटोंना कीड लागली होती, तिचं पुढे काय झालं तेही सविस्तर कळवावं. इकडे सर्व कुशल आहे.

हे शेवटचं वाक्य सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, कारण खाडाखोड दिसली की तुम्ही कागद उजेडाकडे धरून खाली काय होतं ते वाचता. पण ते खरं नाही. गेल्या तीन महिन्यांत माझ्या डोक्याचं पार भुसकट झालंय, आणि ज्याच्यामुळे झालं ते टेबल तुम्हीच माझ्या हवाली केलेलं असल्यामुळे हे सगळं तुमच्या कानावर घालणं माझं कर्तव्य आहे. (यंत्र बसवलं नसेल तर काकूंनी मोठ्याने वाचून दाखवावं. सासूबाईंबद्दलचा मजकूर मात्र हळू वाचावा, भिंतीलाही कान असतात.)

एकोणीस वर्षांपूर्वी तुम्ही पाणीपुरवठा कार्यालयातून निवृत्त झालात आणि मी तुमच्याच अकरा नंबरच्या टेबलावर बसलो. लोक अजून म्हणतात की काका पुतण्याला चिकटवून गेला. मी रीतसर परीक्षा देऊन लागलो, हे मी अजून सांगत असतो, फक्त ऐकणारे एकेक करून निवृत्त होत चाललेत. तर तुमचा मासिक दाब तक्ता. तुम्हीच आखलेला असल्यामुळे तुम्हाला सांगायला नको, तरी सांगतो, कारण तुम्ही विसरला असाल तर पुढचं काहीच कळणार नाही. शहराचे अडतीस भाग, प्रत्येकाची एक ओळ. सात रकाने: भागाचं नाव, सकाळचा दाब, संध्याकाळचा दाब, पाण्याचे तास, तक्रारी, दुरुस्त्या आणि शेवटचा 'इतर', जो बहुतेक रिकामाच असतो. दर महिन्याच्या सात तारखेला चार प्रती: एक मोठ्या साहेबांना, एक भांडारात, एक दुसऱ्या मजल्यावरच्या तपासणी शाखेला आणि एक टेकडीवरच्या टाकीवर. तळाला तुमच्याच अक्षरातून छापलेली ओळ, 'काही शंका असल्यास तपासणी शाखा, दुसरा मजला येथे कळवावे.' एकोणीस वर्षं हा तक्ता एकदाही चुकला नव्हता. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही. (हिला ते अजून लक्षात आहे.)

या वर्षी मात्र कंबरेने दगा दिला. बारा दिवस आडवा होतो आणि त्या बारा दिवसांत सात तारीख येऊन गेली. पहिले दोन दिवस मी उशाशी फोन घेऊन पडलो होतो, आता कार्यालयातून विचारणा येईल, मग मी कण्हत-कण्हत सांगीन की अमुक कप्प्यात अमुक कागद आहे. कोणाचा फोन आला नाही. तेराव्या दिवशी कामावर गेलो तर टेबलावरची धूळ सोडली तर काहीही वाढलेलं नव्हतं. तक्ता गेला नाही तरी सूर्य वेळेवर उगवत होता, नळांना पाणी येत होतं आणि शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्ट बाईंना मी रजेवर होतो हेच माहीत नव्हतं. काका, खरं सांगतो, मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. कोणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं. घरी येऊन मी जेवताना एक शब्द बोललो नाही, आणि हिने सांगितलं की गेली कित्येक वर्षं मी जेवताना बोलतच नाही, त्यामुळे आजचा वेगळा हिशोब धरू नये.

अशा मनःस्थितीत वरिष्ठ कार्यालयाकडून तो फॉर्म आला. कर्मचाऱ्यांचं मनःस्वास्थ्य कसं आहे याची पाहणी, वीस प्रश्न, माहिती पूर्णपणे निनावी ठेवण्यात येईल. मी मनापासून भरला. कामाबाबत समाधानी आहात काय, यापुढे 'असमाधानी'ला खूण केली. चौदावा प्रश्न होता: 'आपल्या कामाचा कोणास उपयोग होतो असे आपणांस वाटते काय?' हो, नाही, सांगता येत नाही. मी तिन्ही सोडून खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं, 'माहीत नाही. चौकशी करून कळवावे ही विनंती.' आणि त्याच दिवशी फॉर्म देऊन टाकला. आता इथे माझ्या हातून जी चूक झाली तिला थोडेफार तुम्हीही जबाबदार आहात. या इमारतीतून कागद एकटा जाता कामा नये, एकटा कागद वाट चुकतो, हे पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला शिकवलं होतं. म्हणून मी त्या फॉर्मला सोबतपत्र जोडलं. 'सोबत माझा निनावी फॉर्म सादर करीत आहे, पोच मिळावी.' खाली पूर्ण नाव, पदनाम, टेबल क्रमांक, सही, तारीख. एक प्रत माझ्या फाइलला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, मी तर अवलक्षणाची पोचही मागितली होती.

बाकीच्या दोनशे तेरा जणांचे फॉर्म हेडक्लार्कने एका बैठकीत, एकाच पेनाने भरून टाकले होते, कारण लोक कामात असतात, त्यांना कशाला त्रास. ते दोनशे तेरा लोक अत्यंत समाधानी होते. (त्यात दोन निवृत्त झालेले आणि एक राजीनामा देऊन गेलेला होता. तोही अत्यंत समाधानी होता, हे मात्र खरं असू शकेल.) माझाही त्याने भरला असता, पण मी आधीच देऊन बसलो होतो. अख्ख्या कार्यालयात एकच माणूस तत्पर असला की त्याचे असे हाल होतात.

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे कार्यालयाच्या प्रमुख, नव्याच आल्या आहेत. बाई वाईट नाहीत, पण वरिष्ठ कार्यालयाने सर्वांत समाधानी कार्यालयाला बक्षीस म्हणून ढाल ठेवली आहे आणि माझ्या एकट्यामुळे आमची टक्केवारी शंभरावरून नव्याण्णव पूर्णांक काहीतरीवर घसरली होती. पुढच्या महिनाअखेरीला पाहणी पथक यायचं होतं. त्यांनी मला बोलावून अगदी प्रेमाने विचारलं की नेमकं काय होतंय. मला काय होतंय ते उभ्या-उभ्या सांगता येईना, कारण त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि दोन्हींवर फाइली बसल्या होत्या. मग माझ्या असमाधानाची फाइल उघडण्यात आली, तिला क्रमांक पडला आणि तीन माणसांची निवारण समिती नेमली गेली. अध्यक्ष हेडक्लार्क. आता बोला.

समितीने पहिल्या आठवड्यात मला गोल फिरणारी नवी खुर्ची दिली. ती पाहून सहा जण लगेच असमाधानी झाले आणि त्यांनी सुधारित फॉर्म मागितले; हेडक्लार्कने असमाधानी होण्याची मुदत संपल्याचं कारण देऊन ते नाकारले. दुसऱ्या आठवड्यात रोज सकाळी सव्वादहाला आवारात हसण्याचा व्यायाम सुरू झाला. सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं, हात वर करायचे आणि शिट्टी वाजली की हसायचं. दोनशेवर माणसं माझ्यामुळे हसत होती आणि हसता-हसता माझ्याकडे रागाने बघत होती. तिसऱ्या आठवड्यात बाहेरून एक समुपदेशक बाई आल्या. त्यांनी मला डोळे मिटून शांत वाहणारं पाणी बघायला सांगितलं. मी बघितलं, पण एकोणीस वर्षं या खात्यात काढलेल्या माणसाला वाहतं पाणी दिसलं की गळती कुठे आहे हेच आधी मनात येतं. तसं सांगितल्यावर त्या हसल्या, आणि मग बोलता-बोलता म्हणाल्या की किती जणांना शांत केलं याचा अहवाल त्यांनाही दर महिन्याला पाठवावा लागतो आणि तो कोण वाचतं ते त्यांनाही ठाऊक नाही. मी त्यांना माझ्या परीने धीर दिला. जाताना त्यांना बरंच बरं वाटत होतं. (त्या दिवसाच्या नोंदीत 'एक व्यक्ती शांत झाली' असं लिहिलंय. कोण ते लिहिलेलं नाही.)

घरी ही म्हणाली, एकदाचं लिहून द्या ना समाधानी आहे म्हणून, तुमचं काय जातं? आणि त्यात सासूबाईंची भर. सासूबाई वरच्या आळीत राहतात हे तुम्हाला माहीत आहेच. पूर्वी त्या आळीत नळ सोडला की नुसती हवा फुरफुरायची, आठ-नऊ वर्षांपासून मात्र पाणी धो-धो येतं. याचं श्रेय सासूबाई स्वतःकडे घेतात, कारण त्यांनी त्या सुमारास खात्याला एक कडक पत्र लिहिलं होतं. 'मी एक पत्र लिहिलं आणि पाणी आणलं, आणि जावई तिथे बसून एकोणीस वर्षं कागद लिहितात, त्याने काय झालं?' असं त्यांनी हिला माझ्यादेखत विचारलं. माझाही प्रश्न तोच होता, तेव्हा रागवायचं तरी कोणावर?

दरम्यान तो चौदावा प्रश्न आपल्या पायांनी चालू लागला होता. 'कळवावे ही विनंती' असं लिहिल्यामुळे त्याला आवक क्रमांक पडला, आणि आवक क्रमांक पडलेल्या कागदाला उत्तर द्यावंच लागतं. तो भांडारात गेला; भांडाराने लिहिलं, 'या शाखेशी संबंधित नाही.' आस्थापनेने तेच लिहिलं. देखभाल शाखेने तेच, पण सुंदर अक्षरात लिहिलं. असं भिजत घोंगडं महिनाभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं आणि एका सोमवारी ती फाइल माझ्याच टेबलावर येऊन पडली, कारण दाब तक्त्याची माहिती असलेलं कार्यालयात हे एकच टेबल आहे. वर शेरा: 'सदर कामाचा उपयोग कोणास होतो याबाबत संबंधित टेबलाने सात दिवसांत अहवाल द्यावा. उपयोग होत नसल्यास टेबल बंद करण्याचा प्रस्ताव सादर करावा.' म्हणजे मी जगाला विचारलेला प्रश्न जगाने रीतसर मलाच विचारला होता. टेबल बंद झालं तर मी जास्तीचा माणूस ठरून जुन्या मीटरांच्या गोदामात जाणार, तिथे ते मीटर आणि मी एकमेकांकडे बघत बसणार. नोकरी जाणार नव्हती, पगार येत राहणार होता. पण काका, एकोणीस वर्षं आपण जे केलं ते नसतं केलं तरी चाललं असतं, हे स्वतःच्या हाताने लिहून, स्वतः सही करून, चार प्रतींत द्यायचं? तीन दिवस मी कोऱ्या कागदापुढे त्या गोल खुर्चीत बसून होतो. खुर्ची आपोआप थोडी डावीकडे फिरते, तेवढीच काय ती हालचाल.

आणि चौथ्या दिवशी समितीने तपासणी शाखेचं दार उघडलं. सगळ्यांसाठी एक मनःशांती कक्ष करायचा ठरला होता, आणि अख्ख्या इमारतीत रिकामी खोली एकच, दुसऱ्या मजल्यावरची तपासणी शाखा. ती अकरा वर्षांपूर्वी बंद झाली. मी तसं तोंडी ऐकलं होतं, पण लेखी कोणी कळवलं नव्हतं, म्हणून तिची प्रत पाठवत राहिलो. (तुम्हीही तेच केलं असतं.) कुलूप तोडलं तर दार उघडेना. चौघांनी खांदा लावून ढकललं तेव्हा कळलं की दाराआड कागदांचा ढीग आहे. आमचा टपाल शिपाई अकरा वर्षं त्या शाखेचं सगळं टपाल दाराखालच्या फटीतून आत सरकवत होता. हेडक्लार्क त्याच्यावर खेकसला, शाखा बंद आहे हे दिसत नव्हतं का? तो शांतपणे म्हणाला, 'पत्र पोचवायचं माझं काम. आत माणूस आहे की नाही हे बघायचं टेबल वेगळं असेल.' मला त्याचं म्हणणं पटलं.

त्या ढिगात निम्मे माझेच तक्ते होते, पाकीटबंद. आणि उरलेली निम्मी पत्रं एकाच माणसाची. टेकडीवरच्या टाकीचा चावीवाला, म्हणजे तिथले व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो तो. तुमच्या वेळचा म्हातारा नव्हे, त्याच्यानंतर आलेला. 'काही शंका असल्यास तपासणी शाखेला कळवावे' असं माझ्या तक्त्यावर छापलेलं असतं, म्हणून तो पठ्ठ्या दर महिन्याला शंका कळवत होता. एकशे बत्तीस पत्रं. मी दोनदा मोजली. म्हणजे अकरा वर्षं मी त्याला लिहीत होतो, तो मला लिहीत होता, आणि दोघांचे कागद एकाच दाराआड एकमेकांवर पडून होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर वळसाही कोणी घातला नव्हता.

मी मनःशांती कक्षातल्या नव्या बाकावर बसून ती सगळी पत्रं वाचली. (तेवढ्या कामापुरता तो कक्ष उपयोगी पडला, एरवी तिथे कोणी जात नाही.) काय लिहिलं होतं म्हणता? शिव्याच, काका. सभ्य, पण शिव्याच. 'दुरुस्त्यांच्या बेरजेत नऊची चूक आहे, लिहिणारा झोपला होता का?' 'बाराव्या ओळीत दाब आहे पण पाण्याचे तास शून्य. पाणी न येताच दाब कसा येतो, मलाही शिकवा.' 'मागच्या महिन्याच्याच आकड्यांवर नवी तारीख घातलेली दिसते.' (घातली होती. धाकट्या बहिणीच्या लग्नाचा महिना होता.) कोणीतरी माझी एकेक ओळ बोट ठेवून वाचली होती. माझी चूक सापडल्यावर कोणाचं तरी डोकं उठलं होतं. मला इतका आनंद झाला की मी एकटाच मोठ्याने हसलो, आणि हसण्याच्या व्यायामाची वेळ नसल्यामुळे हेडक्लार्क धावत बघायला आला.

मग ढिगात वरच्या बाजूला असलेलं एक पत्र वाचलं. कंबर धरली होती त्या महिन्यातलं. दोनच ओळी. 'या महिन्यात तक्ता आला नाही. लिहिणारे गृहस्थ आजारी आहेत का? कोणीतरी जाऊन बघावे.' त्यावर काय वाटलं ते लिहीत नाही. डोळे भरून आले एवढं खरं, आणि हेडक्लार्कला मी डोळ्यांत धूळ गेल्याचं सांगितलं.

अहवाल एका तासात झाला. 'सदर तक्त्याचा उपयोग टेकडीवरच्या टाकीच्या चावीवाल्यास होतो. पुरावा म्हणून एकशे बत्तीस पत्रे सोबत जोडली आहेत.' हेडक्लार्कने ती चाळली आणि त्यात त्रेचाळीस चुका नमूद असल्यामुळे माझा खुलासा मागवावा असा शेरा मारला. खाई त्याला खवखवे म्हणतात, या माणसाला न खाताही खवखवतं. पण मोठ्या बाईंनी पत्रं स्वतःकडे ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. या वेळी एका खुर्चीवरच्या फाइली खाली ठेवलेल्या होत्या. बसा म्हणाल्या. पत्रं उलटसुलट करत म्हणाल्या, 'मीही दर आठवड्याला वर अहवाल पाठवते. सव्वीस वर्षं झाली. मला असं एकही पत्र आलेलं नाही.' मी म्हटलं, वरच्या कार्यालयात एखादी बंद खोली आहे का ते बघायला हवं. त्या हसल्या नाहीत, त्यांनी ते लिहून घेतलं. टेबल चालू ठेवायला त्यांची मंजुरी आहे. फक्त महिनाअखेरीपूर्वी तक्त्याची एक छोटीशी टीप द्यायची आहे, रकानावार, कशात काय लिहितात ती. त्यात विशेष असं काही नाही.

चावीवाल्याला मी पहिलं उत्तर पाठवलंय. अकरा वर्षं गप्प बसलेल्या माणसाने काय लिहावं हे सुचेना, तेव्हा नऊच्या चुकीपासून सुरुवात केली आणि यापुढे शंका थेट अकरा नंबरच्या टेबलावर पाठवाव्यात असं कळवलं. घरी जेवताना मी हिला सगळी पत्रं तोंडपाठ म्हणून दाखवली. ती म्हणाली, तुम्ही न बोलणारेच बरे होतात, आणि वाटीत आणखी वाढलं.

तर असं सगळं आहे. काकूंना नमस्कार. गुडघ्याला जपावं. टोमॅटोंना आशीर्वाद.

तुमचा पुतण्या,
टेबल क्रमांक अकरा (तूर्त चालू)

ता.क. एक किरकोळ गोष्ट विचारायची राहिली. सातवा रकाना म्हणजे काय? 'इतर' हे मला दिसतं, पण इतर काय? तुम्ही टेबल माझ्या हवाली केलंत तेव्हा नमुन्याच्या तक्त्यात तो रकाना सगळा रिकामा होता, फक्त वरच्या आळीपुढे ३ होता. मी नवा होतो, विचारायची लाज वाटली. म्हटलं पुढच्या महिन्यात विचारू, तोवर ३ लिहू. मग लाज वाढत गेली आणि तीन तसेच राहिले. एकोणीस वर्षं दर महिन्याला मी वरच्या आळीपुढे ३ लिहितोय. रकानावार टिपेतले सहा रकाने लिहून झालेत, आणि सातव्याचं कळलं नाही तर टेबल वाचवणाऱ्या बाईंपुढे कोणत्या तोंडाने उभा राहू? चावीवाल्यानेही पहिली दोन वर्षं 'सातव्या रकान्यातले तीन कशाचे?' असं प्रत्येक पत्रात विचारलंय. तिसऱ्या वर्षी लिहिलंय, 'कळले. आता विचारत नाही.' म्हणजे वाचणाऱ्याला कळलंय आणि लिहिणाऱ्याला नाही. त्याला विचारायची सोय नाही, इज्जतीचा प्रश्न आहे. तेव्हा हे पत्र वाचून होताच, टोमॅटो बाजूला ठेवून, उलट टपाली कळवावं. तुम्हालाही माहीत नसेल आणि तुम्हालाही तुमच्या आधीच्याने ३ दिले असतील, तर तसं स्पष्ट लिहा. मी कोणाला सांगणार नाही.

ता.क. दुसरा. या महिन्यात मी तिथे मुद्दाम ४ लिहिलंय. बघू या, कोणाच्या लक्षात येतं का.

ता.क. तिसरा. हे पत्र आठ दिवस उशिरा जातंय. मी ते टपाल शिपायाकडे दिलं होतं आणि तो सवयीने दुसऱ्या मजल्यावर दाराखालून सरकवून आला. मनःशांतीसाठी कोणी जात नसल्यामुळे आज सापडलं. या आठ दिवसांत दोन गोष्टी झाल्या. चावीवाल्याचं पत्र थेट माझ्या टेबलावर आलं, ते असं: 'तक्ता मिळाला. आपण सातव्या रकान्यात तीनचे चार केलेत, त्याप्रमाणे वरच्या आळीच्या व्हॉल्व्हची चावी तीन फेऱ्यांवरून चार फेऱ्यांवर आणली आहे. ते तीन कशाचे हे कळल्यापासून ती तीनवरच होती. इतक्या वर्षांनी बदल केलात तो विचार करूनच केला असणार, म्हणून कारण विचारत नाही.' आणि दुसरी गोष्ट, त्याच दिवशी सकाळी सासूबाईंच्या स्वयंपाकघरातला नळ भिंतीतून उडून समोरच्या फळीवरच्या डब्यांवर आदळला. घरभर पाणी झालं. ही पोतेरं घेऊन तिकडे गेली आहे. सासूबाई निरोप पाठवून विचारताहेत की जावई खात्यात असून त्यांचा काय उपयोग.

मी चावीवाल्याला तीन फेऱ्यांवर परत यायला फोन केला आणि टिपेत सातव्या रकान्यापुढे 'वरच्या आळीच्या व्हॉल्व्हचे फेरे' असं लिहून टाकलं. तुमचं उत्तर वेगळं असेल तर काका, आता ते कळवू नका. आणि आज फॉर्म बदलून दिला. अत्यंत समाधानी. सोबतपत्र जोडलं आहे.